चढावरचे चार थांबे

२ ऑक्टोबर

ही वही आणली ती वेगळ्याच कामासाठी. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "मावशी, गोळ्यांच्या वेळा लिहून ठेवत जा, सगळं तुमच्या लक्षात राहणार नाही." पहिलं पान गोळ्यांनीच भरलं. बाकीची वही कोरी आहे आणि घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहिते. वाचायलाही कोणी नाही, ते एक बरं.

हे परवा कमानीखाली पडले. बावीस वर्षं गाईडचं काम करतात, बाहेरगावच्या लोकांना आमच्या शहरातली जुनी कॉलेजं दाखवत हिंडवतात. परवाची फेरी संपवून कमानीपाशी परतले, गाईडची पाटी खाली ठेवली, दगडावर बसले आणि बसल्याचे आडवे झाले. हृदयाचं दुखणं आहे, असं दवाखान्यात म्हणाले. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दम कधीपासून लागतो? हे म्हणाले, "महिनाभर झाला असेल," आणि माझ्याकडे बघितलं. मीही मान डोलावली. मला तर तेवढाही जाणवला नव्हता.

आज शुद्धीवर नीट आल्यावर पहिलं काय विचारलं असेल? बायको जेवली का, वगैरे नाही. "दगडावर कोण आहे?"

कमानीखाली सहा दगड आहेत आणि सहा गाईड. यांचा तिसरा. दहाच्या ठोक्याला पाटी धरून आपल्या दगडावर उभं राहायचं. तीन दिवसांहून जास्त दगड रिकामा दिसला की यादीतला पुढचा माणूस त्यावर चढतो. घरच्या कोणी बदली उभं राहिलेलं चालतं, पण तीसच दिवस. एकतिसाव्या दिवशी ज्याचा दगड त्याने स्वतः पूर्ण फेरी करून दाखवायची आणि गाईडांच्या संघाचे चिटणीस मागून चालत येणार. त्या यादीत नऊ वर्षं काढल्यावर यांना हा दगड मिळाला होता.

सलाईन लावलेल्या हाताने माझं मनगट धरलं. "दगड सोडू नकोस."

मी म्हटलं, "अहो, माझे गुडघे बघा, माझं वय बघा."

"तुला सगळी कॉलेजं पाठ आहेत."

पाठ आहेत, पण आतून. एकोणतीस वर्षं मी कॉलेजात जिन्याची बाई होते. पाच नंबरचा जिना माझा. त्यावरच्या विद्यार्थ्यांच्या बारा खोल्या झाडणं, पुसणं, गाद्या घालणं. इतिहासाशी माझा संबंध केरापुरता.

४ ऑक्टोबर

उभी राहिले. पाटी इतकी जड असेल असं वाटलं नव्हतं. अकरा माणसं आली.

यांची फेरीची वही बरोबर होती. कुठे काय सांगायचं, किती वेळ, सगळं टिपलेलं. त्यात लिहिलं होतं, राजपुत्राची खिडकी: एका राजपुत्राने इथे बसून तीन वर्षं अभ्यास केला. मी वर बघितलं तर माझ्याच जिन्यावरची खिडकी. एकोणतीस वर्षं मी तिथे फरशी पुसायची फडकी वाळत घातली. राजपुत्र सोडा, तिथे धड उभं राहायला जागा नाही. तरी सांगितलं मुकाट्याने, आणि अकराच्या अकरा जणांनी फोटो काढले.

घड्याळाचा मनोरा, साखळीने बांधलेली पुस्तकं, परीक्षेचं दालन, नदीवरचा पूल, तिथून चढाच्या गल्लीने वर वेधशाळा. दोन तास मोडले. घरी येऊन गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी लावली आणि बाकी काही केलं नाही.

७ ऑक्टोबर

मला यांचं एक कळत नाही. पुलापर्यंत बघण्यासारखं इतकं आहे, तिथे हे भराभर उरकतात. आणि चढाच्या गल्लीत, जिथे काही म्हणजे काही नाही, तिथे चार थांबे! पहिली एक कोरी भिंत, तिच्याशी दगडी बाक. मग पत्रपेटी. मग कायम बंद असलेलं एक दार. मग लोखंडी कठडा.

भिंतीची गोष्ट अशी की इथे पूर्वी दार होतं. परीक्षेला उशीर झालेला एक विद्यार्थी ते रात्रंदिवस ठोठावत राहिला, शेवटी वैतागून कॉलेजने दारच बुजवून टाकलं. पुढे यांच्या अक्षरात: "लोकांना डोळे मिटायला सांगावे. लांबून घंटा ऐकू येते का बघा म्हणावे. मनात साठ मोजावे." आधी तीस लिहिलं होतं, ते खोडून चाळीस, ते खोडून साठ. पत्रपेटीपाशी लोकांना वर छपराकडे बघायला सांगायचं. तिथेही मोजायचं.

घंटा कसली? त्या बाजूला घंटाच नाही. मी आज डोळे मिटायला लावले, तर एका बाईने डोळे किलकिले करून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची पर्सच चाचपतेय. उगाच डोक्याला ताप. बोलायची हौस, दुसरं काय. घरीही हे असेच. मीठ द्या म्हटलं तर मिठाचा उगम सांगतात.

९ ऑक्टोबर

आज चारही थांबे गाळले. पुलावरून थेट वर. माझे गुडघे कुरकुरले, पण एकदा चढायला लागलं की थांबून थांबून चढण्यापेक्षा ते बरं. फेरी दीड तासात आटोपली. लोक खूश. दुसऱ्या दगडावरची लाल छत्रीवाली गाईड म्हणाली, "काकू, तुम्ही तर काकांपेक्षा फास्ट!"

मला काय तो अभिमान. दुपारी डबा घेऊन गेले तेव्हा यांना रंगवून सांगितलं. "चार थांबे काढून टाकले, बरं का. कोऱ्या भिंतीत काय बघायचंय? आंधळी कोशिंबीर खेळायला आलेत का लोक? अर्धा तास वाचला."

मला वाटलं वाद घालतील. यांनी नुसतं खिडकीकडे तोंड केलं. तिकडे बघतच म्हणाले, "बरं केलंस."

आजारी माणूस, म्हणून मीही पुढे बोलले नाही. पण जेवले नाहीत नीट.

१३ ऑक्टोबर

चिटणीस मागून चालत आले होते. कोरडा माणूस, मिशीतल्या मिशीतसुद्धा हसत नाही. संपल्यावर म्हणाले, "आटोपशीर झाली फेरी. मालक कधी येतायत?"

"येतील. तीन नोव्हेंबरला येतीलच."

"यायला हवं. नियम तुमच्यासाठी वेगळा करता येत नाही, वहिनी."

मी कुठे म्हणते वेगळा करा! मला तर कधी एकदा तीन तारीख येते आणि ही पाटी यांच्या हातात देते असं झालंय. पायाला हे मोठे फोड आलेत. राजपुत्राचा आता मनापासून राग येतो.

१७ ऑक्टोबर

हे घरी आले. रिक्षातून उतरून दारापर्यंत आले आणि बुटाची नाडी बांधायला पायरीवर बसले. नाडी सुटलेलीच नव्हती. मी म्हटलं, "चला आत, आत बांधा." सवयी काही सुटत नाहीत. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षांत हा माणूस वाऱ्यासारखा चालायचा, मी मागून धापा टाकत. गेली काही वर्षं बाजारात निघालं तर दर चौकात यांची नाडी सुटते. मी पिशव्या घेऊन पुढे आणि हे मागे वाकलेले. किती चिडले असेन त्यावरून.

तळमजल्याचं घर आहे ते आज बरं पडलं. चार वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरून हट्टाने इथे आणलं मला. "तुझ्या गुडघ्यांना जिने नकोत." तेव्हा सगळ्या जावांमध्ये मी भाव खाल्ला होता.

२१ ऑक्टोबर

वन्स आल्या होत्या यांना बघायला. यांच्या थोरल्या बहीण, बहात्तर वर्षांच्या, पण तोफ आहेत. फळं ठेवली आणि दारातल्या बुटांकडे बघून म्हणाल्या, "अजून हेच? वर्षभरापूर्वी तू बिनानाड्यांचे आणून दिले होतेस ना वाढदिवसाला? त्यांचं काय झालं?"

मी विसरूनच गेले होते. कपाटावरून खोकं काढलं. बूट कागदात जसेच्या तसे.

"का हो घातले नाहीत?" मी विचारलं.

"चावतात."

"घालून बघितल्याशिवाय चावले?"

हे पेपरात तोंड घालून बसले. वन्स मात्र हसल्या नाहीत. जाताना दाराशी मला हळूच म्हणाल्या, "आमच्या वडिलांचंही असंच होतं गं. फिरायला निघाले की दर दुकानापाशी थांबून पाट्या वाचायचे. आईला वाटायचं वाचनाची आवड. शेवटी शेवटी तर एकच पाटी दोन-दोनदा वाचायचे."

त्या गेल्या. मी खोकं हातात घेऊन तशीच उभी होते. मग दर चौकात सुटणारी यांची नाडी आठवली आणि तिथेच खाली बसले.

२२ ऑक्टोबर

फेरी झाल्यावर पुन्हा खाली पुलावर गेले आणि एकटी चढाला लागले. यांची वही उघडून, त्यात लिहिलंय तसं.

भिंत. लोकांना डोळे मिटायला लावायचं. म्हणजे आपल्याकडे कोणी बघत नाही. बाकावर बसायचं आणि साठ मोजायचे. पत्रपेटी. तिच्यावर कोपर टेकता येतं, बरोबर उंचीची आहे. लोक छपराकडे बघतायत. बंद दार. त्याला पायरी आहे. कठडा. कठड्याला दोन्ही हात. चाळीस पावलांवर एकेक.

वहीत प्रत्येक थांबा घातल्याची तारीखही आहे. यांना तारखा टाकायची सवय, दुधाच्या पिशवीवरही टाकतील. कठडा सहा वर्षांपूर्वीचा. बंद दार त्यानंतरच्या वर्षातलं. पत्रपेटी तीन वर्षांपूर्वी. भिंत, चढाच्या अगदी पायथ्याशी, गेल्या वर्षीची. तीसचे साठ एका वर्षात झाले.

सहा वर्षं. आणि मी नाडीवरून चिडत होते. मी आंधळी कोशिंबीर म्हटलं त्यांना, तेही दवाखान्यात, नळ्या लावलेल्या असताना. मला माझी इतकी लाज वाटली की त्या बाकावर बसून रडले. एक जोडपं आलं, त्यांनी विचारलं, इथे काही बघण्यासारखं आहे का? मी म्हटलं, नाही, पुढे जा.

२३ ऑक्टोबर

यांच्यासमोर वही ठेवली. भिंतीचं पान उघडून.

बघितलं. चष्मा काढला. मग म्हणाले, "कोणी सांगितलं?"

"तुम्हीच लिहून ठेवलंय की तारखेसकट."

"हं."

"सहा वर्षं, अहो. मला एका शब्दाने सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"दगड सोडायला लावला असता."

"मग?"

लावलाच असता. हातपाय आपटले असते, वन्सना बोलावलं असतं, चिटणीसांचे पाय धरले असते. आणि हा माणूस सहा वर्षं खुर्चीत बसून मिठाचा उगम सांगत राहिला असता. पण निदान औषधं चालू झाली असती! हे मी ओरडून म्हटलं. मग यांनी चहा मागितला आणि मी केला, कारण तेवढंच करण्यासारखं होतं.

२७ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. हे मान खाली घालून शाळकरी पोरासारखे बसले होते. बाईंनी रिपोर्ट पुन्हा चाळले. म्हणाल्या, आता कापाकापीचा उपयोग नाही, वेळ गेलेली आहे. गोळ्या घ्या, मीठ कमी करा, सपाटीवर हळूहळू चाला. चढ विसरा.

"एकदा चढलं तर?" हे म्हणाले. "फक्त एकदा. तीन तारखेला."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नका. माझं कधी ऐकलंय?"

३ नोव्हेंबर

सकाळी यांनी स्वतः पाटी उचलली. मी म्हटलं, बिनानाड्यांचे घाला. घातले. चावत नव्हते.

चौदा माणसं होती. चिटणीस मागे, मी त्यांच्या शेजारी. कमान, मनोरा, पुस्तकं. महिनाभर मी हेच शब्द दळत होते, पण यांच्या तोंडून काय निघतात! राजपुत्राच्या खिडकीपाशी मला स्वतःला क्षणभर तो राजपुत्र दिसला, माझ्याच फडक्यांच्या मागे बसलेला. पुलावर यांनी पाच मिनिटं जास्त घेतली. चिटणीसांनी घड्याळ बघितलं.

मग चढ. मी मोजत होते. वीस पावलं. तीस. भिंतीपाशी पोचले तेव्हा ओठ निळे होते. तरी बुजवलेल्या दाराची गोष्ट सांगितली, तुकड्या-तुकड्याने, आणि लोकांना वाटलं गोष्टच तशी सांगायची असते. "डोळे मिटा. लांबून घंटा ऐकू येते का बघा."

चौदा जणांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. चिटणीसांनीही नाहीत. हे बाकावर बसले होते, एक हात भिंतीला, छाती भात्यासारखी. साठ झाले. नव्वद झाले. चिटणीस खाली मान घालून आपल्या बुटांकडे बघायला लागले.

"उघडा डोळे," हे म्हणाले. "घंटा नाही. दार पण नव्हतं कधी. इथे मी दम खायला थांबतो. पुढे तीन जागा अशाच आहेत. तिथपर्यंत आज माझ्याने होत नाही."

लोक हसले. एकाने टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही गोष्टीचाच भाग. मग कोणाच्या तरी लक्षात आलं आणि हसू थांबलं.

यांनी पाटी चिटणीसांकडे धरली. चिटणीसांनी ती लगेच घेतली नाही. "तुम्ही बसा," म्हणाले. "मी वरपर्यंत नेतो यांना." आणि मग घेतली. दगड गेला, हे तिघांनाही कळलं. मी यांच्या शेजारी बसले. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण इतकी दमले होते की तेही आलं नाही.

हे पायांकडे बघत म्हणाले, "बूट खरंच चांगले आहेत."

८ नोव्हेंबर

तिसऱ्या दगडावर नवा माणूस उभा राहिला. चष्मेवाला, आवाज चांगला आहे म्हणतात. चिटणीस घरी येऊन सांगून गेले, आणि मला म्हणाले, "वहिनी, यादीत तुमचं नाव घालू का?" मी म्हटलं, नऊ वर्षांनी मला कमानीखाली उभी नाही, आडवी न्यावी लागेल. हसले. म्हणजे मिशी हलली.

हे दिवसभर खिडकीशी. दहाचे ठोके पडले की उठून उभे राहतात, मग पुन्हा बसतात. मला ते बघवत नाही.

१२ नोव्हेंबर

आमच्या घरामागून एक बोळ जातो, सपाट, तो थेट त्या भिंतीपाशी निघतो. सपाटीवर चाला असं बाईंनीच सांगितलंय, म्हणून यांना तिकडे नेलं. वीस मिनिटं लागली. बाकावर बसलो. अकराच्या सुमाराला लाल छत्रीवाली आपली माणसं घेऊन चढावर आली. तिच्या फेरीत ती भिंत नाही. पुढे गेली, थांबली, परत आली.

"काका, यांना ती दाराची गोष्ट सांगाल?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सांगा की. नाहीतरी मी दोनशेदा ऐकलीय."

२९ नोव्हेंबर

आता सहाही गाईड भिंतीपाशी थांबतात. चष्मेवालासुद्धा. चिटणीस तर वेळेचे पक्के, रोज अकरा चाळीसला गोष्ट ऐकायला हजर. हे बसूनच सांगतात. कालपासून गोष्टीत त्या विद्यार्थ्याला एक बहीणही आली आहे, ती कुठून आली विचारू नये. मी शेजारी विणकाम घेऊन बसते. कोणी विचारलं की राजपुत्र खरंच तिथे राहायचा का, तर सांगते, हो, माझ्याच जिन्यावर.

गोष्ट संपली की हे लोकांना डोळे मिटायला सांगतात. मग मोजायचं काम माझं. साठ झाले की मी सुई बाकावर टकटक करते आणि हे "उघडा डोळे" म्हणतात.

आज सत्तर मोजले.